शालन गाडीवरून उतरेना

एकदा निपाणीत माझी बायको मोटारसायकलवरून उतरेना.

भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. तिला उतरायचं होतं, मलाही ती उतरायला हवी होती, आणि ज्यांची गाडी होती त्या आप्पांना तर आमच्या दोघांपेक्षा जास्त घाई होती. तरी दुपार गेली.

मूळ कारण शालनचे गुडघे. आम्ही बेळगावात वडगावला राहतो आणि तिचं माहेर जांबोटीला. तिकडं बस कमी, आणि बसची पायरी एवढी उंच की शालन खालूनच तिला नमस्कार करते. भाड्याची कार केली तर वळणं लागायच्या आधीच तिला उलटी होते. स्कूटरवर मागं बसली तर गुडघे आखडतात आणि पिरनवाडी यायच्या आत ती माझ्या पाठीवर थाप मारून म्हणते, "थांबवा, मी चालत येते." (चालता आलं असतं तर प्रश्नच नव्हता.) तिकडं तिची आई थकलेली. "दिवाळीपासनं आईला बघितलं न्हाय," असं शालन रोज भाकरी थापताना म्हणायची, आणि त्या वाक्याला भाकरीवर हात जरा जोरात पडायचा. आमच्या भाकरी त्या दिवसांत फार पातळ व्हायच्या.

उपाय महादेवनं काढला. महादेव हा शालनचा धाकटा भाऊ. काकतीजवळच्या एका कारखान्यात नोकरीला आहे आणि मोटारसायकलीतलं आपल्याला सगळं कळतं असं त्याचं स्वतःबद्दल मत आहे.

"दाजी, आक्काला लांब पल्ल्याची मोठी गाडी पायजे," तो म्हणाला. "जुनी मिळती. मागं सोफ्यागत सीट, पाठ टेकायला पेटी, वारं मोकळं. जांबोटी काय, गोव्यापत्तोर झोपून जाईल ती."

पहिली गाडी त्यानं आमच्या गल्लीतच आणली. शेजारच्या यंत्रमागांची खटखट थांबली आणि माणसं बघायला बाहेर आली. त्या गाडीची मागची सीट फळीसारखी वर चढवलेली होती आणि पाय ठेवायच्या दांड्या जवळजवळ तितक्याच उंचीवर. दोन शेजारणींनी हात देऊन शालनला वर बसवलं. तिचे गुडघे हनुवटीला आले.

"अशीच बसायची तर चुलीम्होरं बसते की," ती म्हणाली.

दुसऱ्या गाडीला चालवणाऱ्यासाठी सिंहासन होतं आणि मागच्या माणसासाठी पापडाएवढी गादी. शालननं ती दोन बोटांनी दाबून बघितली. "मी काय तुमचा डबा हाय व्हय?"

मग तिनं महादेवला स्वयंपाकघरात नेलं, खुर्चीवर बसून दाखवलं आणि सांगितलं, "बघ, हितं पाय कसं खाली सुटल्यात? गाडीवर असं सुटलं पायजेत. बाकी तुझ्या इंजनाचं मला काय सांगू नको."

अशी गाडी निपाणीत निघाली. तिथं आप्पा म्हणून तंबाखूचे एक व्यापारी होते. त्यांचा मुलगा नोकरीला बंगळूरला गेला आणि त्याची लांब पल्ल्याची गाडी दारात झाकून उभी होती. आम्ही तिघं बसनं गेलो; शालनला महादेवनं वरून ओढलं, मी खालून ढकललं. महादेवच्या सांगण्यावरून शालननं त्या दिवसासाठी खास पंजाबी ड्रेस शिवून घेतला होता, आणि ती गल्लीतून निघाली तेव्हा दोन बायकांनी तिला ओळखलंच नाही.

गाडीवरचं कापड निघालं. दोन्ही बाजूंना दोन पेट्या, मागं एक पेटी आणि तिला पाठ टेकायला गादी. आप्पांच्या घराला पुढं दगडी कट्टा होता. आप्पांनी गाडी कट्ट्याला लावली, शालन कट्ट्यावरून सरळ पाय टाकून सीटवर बसली, मागं टेकली आणि डोळे मिटले.

"आक्का, कसं वाटतंय?" आप्पांनी विचारलं.

"हितनं हलूच नये असं वाटतंय," शालन म्हणाली. देवानं ते ऐकलं.

आप्पा माझ्याकडं वळले. "अण्णा, गाडी जड हाय. एक चक्कर मारून बघतासा?"

"आप्पा, मी कालिजात असल्यापासनं गाडी चालवतोय," मी म्हणालो. मी चढलो. माझे पाय जमिनीला टेकत होते. म्हणजे चवडे टेकत होते. म्हणजे एका वेळी एका पायाचा.

"निधान, निधान," आप्पा कन्नडमध्ये म्हणाले. म्हणजे सावकाश. महादेव त्यांच्याबरोबर चहाला आत गेला आणि आम्ही निघालो.

ती चक्कर मी विसरणार नाही. हायवेला लागलो, दोन्ही बाजूंना ऊस, गाडी लोण्यातून गेल्यासारखी. थोड्या वेळानं मागून माझ्या खांद्यावर हात आला.

"अवो."

"काय गं?"

"गुडघा दुखंना."

लग्न झाल्यापासून तिनं मला इतकं चांगलं काही सांगितलं नव्हतं. मी छाती काढून गाडी वळवली आणि आप्पांच्या दारात आलो. बघतो तर आप्पांच्या कट्ट्याला लागून उसाचा ट्रॅक्टर उभा. मागं दोन ट्रॉल्या, एकीचं चाक बसलेलं. कट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत उसामागं गडप.

मी हॉर्न वाजवला. आत चहाला बसलेल्यांना तो ऐकू गेला नाही. ट्रॅक्टरवाला समजला की मी त्याला हलायला सांगतोय. त्यानं मला पंक्चर चाक दाखवलं आणि आकाशाकडं बोट केलं. फोन माझ्या खिशात होता, पण दोन्ही हात गाडी धरण्यात गुंतले होते. शालनचा फोन तिच्या पिशवीत, पिशवी पेटीत आणि पेटीची किल्ली आप्पांच्या खिशात.

"उतर की," मी शालनला म्हणालो.

"कशी? उजवा पाय पेटीवरनं जात न्हाय, आन् डाव्यावर भार दिला तर तो मोडतोय."

मी स्टँड लावायला गाडी डावीकडं कलती केली, तशी शालननं माझी कॉलर धरली. "कलवू नका. मी पडते. तुमाला घेऊन पडते." दुसरं वाक्य तिनं फार शांतपणे म्हटलं, म्हणून मी गाडी सरळ केली. आता दुसरा कट्टा शोधणं आलं.

थोडं पुढं मारुतीचं देऊळ होतं आणि त्याला छान रुंद कट्टा. मी एका चवड्यावर तोल सांभाळत गाडी तिथं नेली. जवळ गेल्यावर दिसलं की कट्ट्याला नवीन लोखंडी कठडा बसवलाय. तेवढ्यात पुजारी बाहेर आले. गाडीवर चकचकीत पेट्या, वर नवा ड्रेस घातलेली बायको, पुढं घामाघूम नवरा. त्यांना काय समजायचं ते समजलं.

"पूजा व्हय?" ते म्हणाले.

"न्हाय, कट्टा पायजे होता."

"कट्ट्याम्होरंच करू की."

मी दुसरं वाक्य जुळवेपर्यंत हँडलला झेंडूचा हार पडला, दिव्यावर कुंकवाचं स्वस्तिक निघालं आणि पुढच्या चाकाजवळ नारळ फुटला. शालन मागून खोबऱ्याचा तुकडा घेऊन म्हणाली, "देवाचं हाय, न्हाय म्हणू नये." आमची नसलेली गाडी आमच्या नावानं पावन झाली आणि आम्ही पुढं निघालो.

पुढं तंबाखूची एक वखार दिसली. ट्रकमध्ये माल चढवायचा धक्का होता तिला. मी गाडी लावली. धक्का शालनच्या खांद्याएवढा उंच निघाला. हमाल सावलीत भाकरी खात होते, त्यातला एक जेवता जेवता उठून आला आणि गाडीकडं बघत राहिला.

"ही आमच्या आप्पांची गाडी न्हवं?"

वखार आप्पांचीच होती. दुसऱ्या हमालानं लगेच फोन लावला आणि आमच्यादेखत सांगितलं, "आप्पा, कोणतरी तुमची गाडी हार घालून घेऊन चाललंय. बरोबर बाई हाय. बाई खोबरं खातीया."

हमालांना सगळं समजावलं तसे ते हसले, आणि त्यांनी पोती आणली. तीन पोत्यांची एक थप्पी, शेजारी दोनाची, मग एक. तंबाखूचा जिना झाला. दोघांनी दोन्हीकडून हात दिला. शालन उठली, हळूच पाय पोत्यावर टाकला आणि नाटकातल्या राणीसारखी एकेक पायरी उतरून जमिनीवर आली. हमालांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

तीच चूक झाली.

जड गाडी एकदम पडत नाही. ती आधी विचार करते. मला वाटलं मी सावरतोय, हमालांना वाटलं मी मुद्दाम आडवी करतोय, आणि आम्ही दोघं, म्हणजे मी आणि गाडी, अगदी निवांत पोत्यांवर जाऊन निजलो. नेमकी त्याच वेळी आप्पांची स्कूटर दारात आली, मागं महादेव.

मला काढलं, गाडी उभी केली. एक आरसा मोडला होता, आणि हार चेंगरून सगळ्या टाकीवर झेंडूच्या पाकळ्या चिकटल्या होत्या. आप्पा त्या पाकळ्यांकडं बघत राहिले.

"अण्णा," ते अगदी सभ्यपणे म्हणाले, "मी गाडी इकायची हाय म्हणालतो. इकली न्हवती अजून."

मी टाकीवरच्या पाकळ्या पुसायला लागलो. महादेव जमिनीकडं बघत होता. पोत्यावर बसून गुडघे चोळत असलेली शालन बोलली.

"आप्पा, गाडी आमी घेतली. आरशासकट. मला पायजे तशी हाय."

माझा ऊर भरून आला. एवढं होऊनही बायकोचा माझ्यावर विश्वास होता.

"पण एक हाय," ती पुढं म्हणाली. "चालवणार महादेव."

तसंच चाललंय आता. आईला भेटायचं असलं की सुट्टीच्या दिवशी महादेव वडगावला येतो, शालनला मागं बसवतो आणि दोघं बहीणभाऊ हवा खात जांबोटीला जातात. शालनला गाडी मानवली, आईची तब्येतही लेक दिसायला लागल्यापासून सुधारली. एकच अडचण होती. सासूबाईंच्या अंगणात कट्टा नाही. म्हणून सुताराकडून शालनच्या मापाचं दोन पायऱ्यांचं स्टूल करून घेतलं. ते जांबोटीलाच ठेवून बघितलं, पण सासूबाईंनी त्यावर तुळस मांडली आणि आता ती हलवू देत नाहीत. दुसरं करून घेतलं, तर ते पेटीत मावत नाही. गाडीवर जागा दोघांचीच.

म्हणून मी स्टूल घेऊन आधीच्या बसनं पुढं जातो.

परवा कंडक्टरनं ते मांडीवरचं स्टूल बघून विचारलं, "काय काका, सुतारकामाला चाललासा?"

मी म्हणालो, "न्हाय. आमची मोटारसायकल हाय."