आक्काच्या परीक्षानळीतला गुलाबी रंग

आक्काची रिअॅक्शन सक्सेस झाली.
आक्का गेल्यावर. बाराव्या दिवशी.

तिला जाऊन महिना झाला आज. रडावं का हसावं, मला अजून कळून नाही राहिलं.

शैला आक्का माझी थोरली बहीण. नांदेडला केमिस्ट्रीत पीएचडी करून राहिली होती. मी शिरूर अनंतपाळला शेती बघतो.

तिचं काम मला एकदाच समजलं. स्टँडवर चहा पिताना म्हणाली, "रक्तात हजार गोष्टींची गर्दी असते. त्यात माझ्या दोन रेणूंनी बाकी कुणालाच न चिकटता एकमेकांनाच चिकटायचं. तेबी मिनिटाच्या आत."

"कशाला पण?"

"उद्या कॅन्सरचं औषध नेमकं गाठीपाशीच सोडता येईल."

"आन् चिकटले हे कळतं कसं?"

"नळीतला गुलाबी रंग उडतो."

आठ महिने रंग उडला नाही.

दिवाळीला घरी आली तर चेहरा उतरलेला. मीच म्हणलो, "आक्का, लई झालं. सोड ते. लग्नाचं बघू."

ती एवढंच बोलली, "माझंच कायतरी चुकून राहिलंय रे."

मग डेंग्यू. चार दिवसांत संपलं सगळं.

बाराव्याला तिच्या लॅबमधल्या रुबीनाचा फोन आला. "दादा, दीदीनं अॅडमिट व्हायच्या आधी एका केमिकलची नवी बाटली मागवली होती. आज आली. तिच्या वहीत लिहिलंय तसंच केलं आम्ही. वीस सेकंदांत रंग उडाला!"

आणि फोनवरच रडायला लागली.

"मग आधी का नव्हता उडत?"

"जुनी बाटली ठेवून ठेवून खराब झाली होती. दीदीचं काहीच चुकत नव्हतं."

म्हणजे आक्काला शंका आली होती? मग मला का नाही बोलली?
मी 'सोड' म्हणलो म्हणून?

आईला सांगितलं. रिअॅक्शन, रेणू, तिला काय कळणार? तिनं एकच विचारलं, "म्हंजी पोरीला जमलं?"

"हाव, आई."

दुसऱ्या दिवशी तेराव्याचं जेवण. आई पंगतीत एकेकापाशी जाऊन सांगत होती, "आमच्या शैलाचं जमलं बरं का."

लोक हातातला घास तसाच धरून माझ्याकडं बघायचे.
त्यांना वाटलं, लग्नाचंच बोलून राहिली. दुःखानं भरमली बिचारी.

मी वाढपी होतो, वाढत राहिलो.

शैला आक्का, तुला तुझ्या भावाचा नमस्कार.