मालवणच्या वाटेवर खारं पेट्रोल

कोल्हापूरहून निघताना आत्याच्या दिरांनी बॉनेटवर हात ठेवून अट सांगितली. गाडी मालवणला जाऊन स्वतःच्या चाकांवर परत आली तर ठेवू. ट्रकवर चढून आली तर येईल त्या भावात विकू. गाडी आत्याची. तिचे यजमान गेल्यापासून ती नुसती उभी होती, आणि घरातल्या पुरुषांच्या मते बायकांना गाडी म्हणजे नसता व्याप. म्हणून आत्याने मला पुण्याहून बोलावलं. मी यंत्रशास्त्राची पदविका घेतली आहे, एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत तेलं तपासते आणि गाडी चालवते. मी इंजिनाचा पट्टा, ब्रेक आणि टायर पाहिले आणि आम्ही निघालो.

राधानगरीवरून फोंडा घाट उतरलात तर माथ्यावरच रेडिएटर भरून घ्या आणि उतरताना खालचा गिअर सोडू नका. वळणावर समोरून एस.टी. आली की मागे आपल्यालाच जावं लागतं. कणकवलीच्या पंपावर पेट्रोल नव्हतं. मालवणला पोचेपर्यंत काटा तळाला टेकला. बंदरावर तातू शेट रॉकेलबरोबर पेट्रोलही विकतात. त्यांचं पिंप संपत आलं होतं. ते तिरकं करून तळापर्यंतचं सगळं त्यांनी आमच्या टाकीत ओतलं. नरसाळ्यात तरी ते स्वच्छ दिसलं.

मालवणात दोन दिवस गाडी उभीच होती. किल्ल्यावर होडीने जायचं, आणि तेही सकाळी, कारण दुपारनंतर वारा उठतो. उतरण्यासाठी खाणावळ बरी आहे; बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी पोटभर मिळते, दर दोघींना परवडण्यासारखा. दोन बायका गाडी घेऊन आल्याचं गावभर झालं होतं. वाढणाऱ्या बाईंनी आत्याला ड्रायव्हर कुठे जेवतो म्हणून विचारलं. आत्याने माझ्या पानाकडे बोट दाखवलं.

तिसऱ्या दिवशी शिरोड्याला निघालो. चौके गावापुढच्या चढावर इंजिन खोकू लागलं, दोन-तीन आचके दिले आणि बंद पडलं. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाखालची काचेची वाटी काढली. वर पेट्रोलचा थर, खाली पाणी. पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. खारट. कार्बोरेटर उघडला तर आत पांढरा चुरा जमला होता आणि जेटचं, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या तोटीचं, भोक बुजलं होतं. दोन दिवस उभ्या गाडीत मिठाने आपलं काम केलं होतं.

कसालकडे जाणारा एक ट्रक थांबला. ड्रायव्हर भला माणूस. गाडी मागे चढवून कोल्हापुरात सोडतो म्हणाला. आत्या गाडीच्या दारापुढे उभी राहिली आणि नको म्हणाली. शेतातल्या माणसांनी ढकलून गाडी एका घराच्या खळ्यात नेली. घरच्या काकींनी काही न विचारता आधी पेज वाढली.

मी टाकी खालून रिकामी केली. काकींकडून चिंच मागून घेऊन पितळी जेट चिंचेच्या पाण्यात टाकले. मग सगळं उकळलेल्या गोड्या पाण्याने धुतलं, रॉकेलने पुसलं आणि उन्हात ठेवलं. जेटच्या भोकात तार घालू नये, पितळ ओरबाडतं. मी केरसुणीतला माडाचा हीर वापरला. काकी आत गेल्या आणि पदराखालून एक बाटली घेऊन आल्या. दारूबंदीचे दिवस, म्हणून आवाज खाली आणत म्हणाल्या, "पोटात दुखला तर म्हणान ठेवलेली आसा. गाडयेक चलात काय गो?"

त्यात निम्मं पाणीच असतं, उपयोग नाही, असं मी सांगितलं. ओट्यावरून त्यांचे यजमान म्हणाले, "तरीच. तरीच चढणा नाय."

आत्याला गाडीपाशी ठेवून मी वाटीतलं पाणी बाटलीत घेतलं आणि एस.टी.ने मालवणला परतले. तातू शेटांचं म्हणणं तयार होतं. "बाये, गाडी धुताना पाणी गेला आसतला."

शेजारच्या हॉटेलातली लोखंडी पळी मी मागून घेतली आणि पेट्रोलपासून दूर, हॉटेलातल्या चुलीवर ते पाणी आटवलं. तळाशी पांढरा थर राहिला. शेटांनी नख लावून तो चाखला. गाडी कोणी समुद्राच्या पाण्याने धूत नाही, हे मला सांगावं लागलं नाही.

ते पाणी आलं कुठून, हे समोरच दिसत होतं. पिंपं घेऊन आलेला पडाव किनाऱ्यापासून लांब उभा होता आणि खलाशी पिंपं सरळ समुद्रात टाकत होते. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, पिंप तरंगतं. माणसं पोहत ते वाळूपर्यंत ढकलत आणतात. रॉकेल पिढ्यान्‌पिढ्या असंच येतं. "माझो बापूसय असांच आणी," शेट म्हणाले. "दिव्यान कधी तक्रार करूक नाय."

त्याचं कारण, पिंपाच्या तळाचं रॉकेल ते दिव्यासाठी विकत नाहीत, वाळवी लागू नये म्हणून लाकडांना लावतात. पेट्रोल मात्र महाग, म्हणून शेवटच्या थेंबापर्यंत ओततात. मी त्यांना समजावलं, की उन्हात तापलेलं पिंप गार पाण्यात पडलं की आतली हवा आकसते आणि झिजलेल्या बुचातून समुद्र आत ओढून घेते.

"भरपाई नको," मी म्हणाले. "चांगलं पेट्रोल द्या. आणि उरलेली पिंपं होडीतून आणा."

शेट उठून पाण्यापर्यंत गेले. मग खलाशांना होडी न्यायला सांगितलं. त्यांतला एक मला ऐकू येईल असं म्हणाला, "आता पिंपांका नवऱ्यासारखी होडयेत बसवन आणूची."

होडीतून आलेलं पिंप रात्रभर उभं ठेवलं. सकाळी हातपंपाने वरचंच पेट्रोल काढलं आणि डबा भरण्याआधी प्रत्येक वेळी काचेच्या बाटलीत धरून पाहिलं. चौक्याला येऊन सगळं जोडलं आणि हँडल मारलं. दुसऱ्या फेऱ्याला इंजिन धरलं. काकींनी गाडीला हळदकुंकू लावलं. मी मनाई केली नाही.

जेटचा भरवसा नव्हता, म्हणून सरळ घरी जावं असं माझं मत होतं. आत्या म्हणाली, "अट परत यायची आहे. लवकर यायची नाही."

शिरोडा पाहिलंच. माडांच्या रांगा, लांब रिकामी वाळू, आणि थोड्या अंतरावर गोव्याची बंद हद्द, पलीकडे पोर्तुगीज शिपाई. तिथून कुडाळ, कणकवली करत पुन्हा फोंडा घाट. चढावर इंजिन दोनदा अडखळलं. पेट्रोल थोडं जास्त जावं म्हणून मी चोक किंचित ओढून धरला आणि गाडी माथ्यावर नेली.

दीर दारातच होते. त्रास झाला का, विचारलं. मी नाही म्हणणार होते, तेवढ्यात आत्याने सगळं सांगून टाकलं. खारं पाणी, ट्रक, चिंच, काहीही वगळलं नाही. ते म्हणाले, "म्हणजे बिघडली होती. पुन्हा बिघडली तर?"

"तर पुन्हा दुरुस्त होईल," आत्या म्हणाली. "भावोजी, बसा. आज तुम्हाला रंकाळ्यापर्यंत सोडते."

दीर आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे बघत मागच्या सीटवर बसले. आत्या चालवणाऱ्याच्या जागी बसली. तिला गाडी येत नव्हती. मी शेजारी बसून क्लच कुठला ते सांगितलं.