दाराची गादी

इटियाडोह धरणाच्या कालव्याकाठच्या गावांना भेटी द्यायला मी नेहमी एकाच ड्रायव्हरची गाडी सांगते. आधी आरसे पुसायचे, मग चाके दाबून पाहायची, मग तंबाखू. हा त्याचा क्रम कधी चुकत नाही. पण तो गाडी अगदी पाण्याच्या कडेने हाकतो आणि मी दारावरचा, हात टेकायचा कडक कठडा धरून बसते.

हे त्याने पाहिले असावे. एका सकाळी त्या कठड्यावर जुन्या लुगड्याची, कापूस भरलेली गादी सुतळीने करकचून बांधलेली होती. कोपर छान टेकले.

कालव्याकाठच्या रस्त्यावर समोरून ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरने गाडी काठाशी घेतली. खिडकीखाली नुसते पाणी दिसले. गाडी घसरलीच तर, म्हणून मी दाराचे हँडल चाचपले. ते गादीखाली बांधले गेले होते.

"भाऊ, दार उघडत नाही!"

"काऊन भेऊन राहिल्या, ताई? पाण्यात उतरता का? तुमच्यासाठीच त बांधली गादी. मायनं शिवली जी."

टाके फार बारीक, निगुतीने घातलेले होते. गादी सोड म्हणणे मला जमले नाही.

आता छत्री, पाणी, औषधे यांच्याबरोबर माझ्या पिशवीत कात्रीही असते. कालवा लागला की माझे कोपर गादीवर असते आणि उजवा हात पिशवीत.