बघूआबांचा हुरडा

केजच्या बाजारात आबांचं खरं नाव विचारलं असतं, तर निम्म्या लोकांना सांगता आलं नसतं. सगळे त्यांना बघूआबा म्हणत, तेही तोंडावर. आबा आधी वकील, मग पंचायत समितीचे सभापती. कुणी काहीही मागितलं तरी त्यांचं उत्तर ठरलेलं, "बघू की." त्यांनी कुणाला नाही म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही, आणि मी तर कायम त्यांच्या जीपमध्ये असायचो.

एकदा एकाच गल्लीतले दोघे भाऊ आपापल्या दारात हापसा मागायला आले. आबांनी दोघांनाही बघू म्हटलं, दोघांच्याही घरी जेवले आणि हापसा शाळेपुढे बसवला. तरी दोघे खूश, कारण दुसऱ्याच्या दारात तो गेला नव्हता. राजकारण मी तिथे शिकलो.

हिवाळ्यात आबांचा हुरडा माझ्या शेतात व्हायचा. ज्वारीची कोवळी कणसं आगटीत भाजायची, आणि भोवती दोन्ही पार्ट्यांची माणसं. आबा स्वतः कणसं चोळून गरम दाणे विरोधकांना आधी द्यायचे.

मग राजकारण सोडून, परीक्षा देऊन आबा न्यायाधीश झाले. आम्ही फटाके वाजवले खरे, पण मला घोर लागला. जन्मात कुणाला नाही न म्हटलेला माणूस निकाल कसा देणार? नेमणूक लांबच्या जिल्ह्यात झाली. माझा मेव्हणा तिकडचाच, आणि त्याच्या जमिनीचा दावा नेमका आबांपुढे आला. मी कणसांची पिशवी घेऊन मांजरसुंब्याहून एसटी धरली.

बंगल्याच्या दारात आबा स्वतः आले. हसले. मी मेव्हण्याचं नाव काढताच हसू गेलं.

"न्हाई गणपत. आत येऊ नको. पिशवी बी घेऊन जा."

दार लागलं. पाणीसुद्धा विचारलं नाही. परतीच्या गाडीत मी पिशवी कंडक्टरला देऊन टाकली आणि आबांचं नाव घेणं सोडलं. त्यांनी तो दावा दुसऱ्या कोर्टात पाठवायला लावला. तिथे मेव्हणा जिंकला, तरी माझा राग काही गेला नाही. आबा गावी यायचे, पण शेताकडे फिरकत नसत. मीही बोलावत नव्हतो.

गेल्या हिवाळ्यात आबा निवृत्त झाले आणि त्याच आठवड्यात माझ्या बांधावर येऊन उभे राहिले. हुरडा आहे का, म्हणाले. मी आगटी पेटवली. कणीस चोळता चोळता आबा बोलले.

"तुझ्या मेव्हण्याचं खरंच होतं, गणपत. पण माझ्या हातून जिंकला असता, तर लोक म्हणले असते, हुरड्यावर जिंकला."

एवढी वर्षं मी या माणसाला दगडाचा समजत होतो, आणि तो माझ्याच माणसाचं खरं जपत बसला होता. शेवटी मी विचारलं, आबा, यंदा झेडपीला उभं राहता का?

आबांनी गरम दाणे माझ्या तळहातावर ओतले.

"बघू की," ते म्हणाले, आणि आमचा माणूस घरी आला.