रेघेच्या वरचं पाणी

दुपारी बायकांची बॅच सुटली की चारपर्यंत पोहण्याच्या टँकवर चिटपाखरू नसतं. तिकिटाच्या खिडकीशी खुर्ची ओढून मी बसले आहे. आज घसा बसलाय म्हणून पाण्यात उतरले नाही, काठावरूनच हातवारे करून शिकवलं. उद्या पालिका या टँकला माझ्या थोरल्या भावाचं, भूपालदादाचं नाव देणार आहे. पाटी रंगवायला पेंटर येणार, त्याची वाट बघतेय. क्लोरीनच्या वासात मला झोप छान लागते. लोकांना उदबत्ती लागते, मला हे.

खिडकीच्या काचेवर टकटक होते. बाहेर दादा उभा आहे. अंगात तीच खाकी हाफपँट, केस ओले.

"झोपा काढायचा पगार घेतीस व्हय गं त्रिशे?"

"तू गेलास ना दादा? तीन वर्षं झाली."

"बरं मग? ऊठ, पाणी बघून येऊ."

नदी फुगली की आमच्या गावाला हीच खोड. चहा घ्यायचा आणि पाणी बघायला जायचं. मीही उठते. टँकच्या काठावरून पाय खाली टाकते तर तिथं घाटाच्या पायऱ्या आहेत. याच घाटावर दादानं माझ्या पाठीला सुका भोपळा बांधून मला पाण्यात ढकललं होतं, मी तेव्हा सात वर्षांची. पुढं टँक झाला आणि अर्ध्या गावाला त्यानंच पोहायला शिकवलं. आधीच्या मोठ्या पुराची खूण म्हणून टँकच्या पंपाच्या खोलीत, जिथं तो राहायचा, तांबड्या ऑइलपेंटची रेघ ओढली, तीही त्यानंच. गावात घरोघरी अशी रेघ आहे. पाणी रेघेच्या वर येत नाही म्हणजे नाही, असं आम्ही सगळे शहाणे एकमेकांना सांगत असतो.

पायऱ्या उतरताना आम्ही पंपाच्या खोलीत आहोत. पाणी गढूळ, कमरेएवढं. दादा वरच्या फळीवर चढून बसतो. दम्यानं त्याची छाती वाजते आहे.

"हितं बसलो हुतो," तो म्हणतो. "रेघंच्या वर दोन हात. पहाटं पाणी रेघंला लागलं. मग रेघ दिसंना. दार ढकलून बघितलं, पाण्याच्या दाबानं हलंना."

मला हे ऐकायचं नाही. गाव म्हणतं, भूपाल पाटलांनी पंप वाचवायला जीव दिला. उद्याच्या पाटीवरही तेच येणार. तीन वर्षं मी हे ऐकते आणि मान डोलावते.

"आदल्या सांजंला तुला फोन केलता," दादा म्हणतो. "तुझ्याकडं येऊ का म्हणून."

"हो."

"तू काय म्हणालीस?"

समोर माझ्या घरचा स्वयंपाकाचा ओटा आहे. कमरेएवढ्या पाण्यातच पंगत बसली आहे. लेकीला बघायला आलेली माणसं पुरामुळं आमच्याकडं अडकली होती, तीच ही. जेवताहेत, माझ्याकडं बघत नाहीत. माझ्या कानाला फोन आहे.

"मी म्हणाले, पाणी रेघेच्या वर येत नाही, तिथंच थांब."

"ते रेघंमुळं म्हणालीस, का ह्या पावण्यांमुळं?"

दादा मोठ्यानं बोलायचा, तंबाखू मळायचा, कुणाहीसमोर उघडाबंब बसायचा. लेकीचं जमत आलं होतं. मला माझ्या भावाची लाज वाटली होती.

"ह्यांच्यामुळं," मी म्हणते आणि मला हुंदका फुटतो. "तेव्हा तू मला नको होतास, दादा."

"ठावं हुतं की. फोनमधी ताटं वाजत हुती. आन तू लई हळू बोलत हुतीस."

"मग तसाच का नाही आलास? भांडायचंस माझ्याशी!"

"बोलवल्याबिगर कसा येऊ? बहिणीचं घर असलं तरी तुझं सासर हाय ते."

"रागावलायस?"

"हुतो. आता नुसता दम लागतोय."

तो हात पुढं करतो. मी उजव्या हातानं तो घट्ट धरते आणि ओढते. दादा हलत नाही. पाणी त्याच्या हनुवटीला लागतं.

"सोड आता," तो म्हणतो. मी सोडत नाही.

"बाई! अवो बाई!"

खिडकीत पेंटर उभा आहे, रमजान. त्यालाही पोहायला दादानंच शिकवलेलं.

"मजकूर द्या की बाई. 'पंप वाचवताना प्राण दिले', असंच लिहायचं न्हवं?" तो कागद-पेन्सिल आत सरकवतो.

पेन्सिल घ्यायला जाते तर ती बोटांत धरवत नाही. उजव्या हाताची बोटं पांढरी पडली आहेत, सुरकुतली आहेत, तासन्‌तास पाण्यात राहिल्यासारखी. डावा हात ठणठणीत कोरडा आहे.

"नुसतं नाव लिही," मी म्हणते. "भूपाल बाळगोंडा पाटील."

"आन खाली?"

"खाली काही नको. पंप वाचवायला थांबला नव्हता तो. घरी येऊ का म्हणून त्यानं मला विचारलं होतं, रमजान. मी नको म्हणाले."