विंगेतल्या मामांचं अर्धं वाक्य

पडदा वर जातो. हॉस्पिटलची लॉन्ड्री. डावीकडे चादरी घुसळणारी यंत्रं, उजवीकडे इस्त्रीची लांब टेबलं, छताखाली वाफ. जेवणाची सुट्टी. बाया डबे उघडून बसल्या आहेत आणि मधोमध, उलट्या ठेवलेल्या कपड्यांच्या पेटीवर, आमचे मामा घामाघूम होऊन उभे आहेत.

मामा आमच्या नाटक कंपनीचे प्रॉम्प्टर. उभी हयात विंगेत गेली. नट अडखळला की अर्धं वाक्य हलकेच सोडायचं आणि थांबायचं. उरलेलं नटानं उचलायचं. पूर्ण वाक्य सांगणारा प्रॉम्प्टर कच्चा, असं ते म्हणत. आमची बुडती भाषणं त्यांनी तारली आणि टाळ्या आम्ही खाल्ल्या.

कंपनी बंद पडली तेव्हा मामांनी मनात जपलेली इच्छा बोलून दाखवली. येशूवर त्यांची नितांत श्रद्धा. ती चार माणसांना सांगत फिरायचं होतं. नदीपलीकडे नवी कामगार वस्ती उभी राहत होती. तिथे चर्चला पूर्णवेळ सुवार्तिक पाठवायचा होता.

चर्चचे पाळक म्हणाले, "मामा, मन मोठं आहे तुमचं. पण आवाज? आधी लॉन्ड्रीतल्या बायांशी बोलून दाखवा. जमलं तर वस्ती तुमची."

"घरातसुद्धा हे अर्धंच बोलतात," मामी म्हणाल्या. "बाकीचं मी भांडून पूर्ण करते."

म्हणून ती पेटी. दाराशी पाळक आणि मामी, त्यांच्या मागे टाळ्या वाजवायच्या तयारीनं मी.

मामांनी येशूनं सांगितलेली हरवल्या मेंढराची गोष्ट काढली. "एका मेंढपाळाची शंभर मेंढरं होती. मोजली तर एक कमी. तेव्हा तो बाकीची सगळी तिथंच सोडून..."

आणि मामा थांबले. जन्माची सवय! अर्धं वाक्य सोडून, मान कलती करून, उचलणाऱ्याची वाट पाहू लागले. समोर नट थोडेच होते? डब्यांची झाकणं वाजायची थांबली. पाळकांनी जमिनीकडे पाहिलं. आपण काय करून बसलो हे मामांच्या ध्यानात आलं आणि चेहरा खर्रकन उतरला.

"सोडून काय?" इस्त्रीवाल्या आजी म्हणाल्या. "घरी गेला असेल जेवायला."

"एका मेंढरापायी कोण धावतंय," घड्या घालणारी म्हणाली.

"का? परवा उशीचा एक अभ्रा कमी पडला, तर या मुकादमबाईंनी अख्खा ढीग उपसायला लावला की."

"तो साहेबाच्या धाकानं गं."

"धाकानं नाही," मुकादमबाई घास गिळून म्हणाल्या. "कुणातरी आजारी माणसाचं डोकं उघड्या उशीवर पडलं असतं."

मग आजी मामांकडे वळल्या. "म्हणजे गेला ना हो तो शोधायला?"

मामा पेटीवरून उतरले आणि बायांच्या मध्ये खाली बसले. आता त्यांचा आवाज लहान राहिला नव्हता. अंतरच लहान झालं होतं.

"गेला. काट्याकुट्यातून गेला. आणि सापडल्यावर त्यानं ते..."

"दोन रट्टे दिले असतील."

"छे, खांद्यावर घेतलं असेल. दमलं असणार ना ते."

"खांद्यावरच घेतलं," मामा म्हणाले. "हसत हसत आला घरी."

आजींनी डबा बाजूला ठेवला. "आमच्यासारखीलाही शोधतो म्हणता तो?"

"तुम्हाला तर आधी."

भोंगा झाला तरी कुणी हललं नाही. शेवटी मुकादमबाईच उठल्या. जाता जाता आजींनी बजावलं, "उद्या या. अर्धं ठेवून पळायचं नाही."

बाहेर पाळकांनी मामांचा हात दोन्ही हातांत घेतला. "वस्ती तुमची. आणि ती सवय मोडू नका."

मी रंगमंचावर राजे रंगवले आहेत, पण त्या दुपारी वाळत घातलेल्या चादरींमधून मामा चालत गेले, तशी चाल मला कधी साधली नाही. पुढे वस्तीत त्यांनी जन्म काढला. विहिरीवर, बांधकामावर, आजाऱ्याच्या उशाशी अर्धी वाक्यं सोडत राहिले आणि लोक ती उचलत राहिले. दर भेटीत आनंदानं फुललेले दिसत.

शेवटच्या आजारात मी भेटायला गेलो, तेव्हा खोलीत वस्तीतली माणसं मावत नव्हती. मामींनी त्यांच्या कपाळावरून हात फिरवत विचारलं, "भीती वाटतेय का हो?"

मामांनी मान कलती केली. तीच जुनी, वाट पाहणारी.

"कसली भीती? तो आलाय, आणि त्यानं मला..."