मांडीवरचा माड

परवा बदलापुरातल्या मांजर्लीत आमच्या इमारतीच्या आवारात सुकलेली झावळी धाडकन पडली आणि मला एसटीतला तो प्रवास आठवला. वडिलांच्या वेंगुर्ल्याकडच्या गावाहून आम्ही दोघे बदलापूरला परतत होतो. बसायला जागा एकच मिळाली. तिथे वडील बसले आणि त्यांच्या मांडीवर, ओल्या गोणपाटात गुंडाळलेले माडाचे रोप. मी दांडा धरून उभी. शेजारच्या बाई हसून म्हणाल्या, "अहो, पोरीला मांडीवर घ्या आणि माडाला उभा करा!" वडिलांनी माझ्याकडे पाहिले. "तू पडलंस तर रडशीत तरी, ह्या बापड्याक तोंड खंय आसा?" गोणपाटाचा तो ओला, मातकट वास मला घरापर्यंत सोसवेना. पोहोचताच त्यांनी आवारात खड्डा खणला आणि त्यात ओंजळभर खडेमीठ टाकले. "हयसर खारो वारो नाय, तेका करमाचा नाय." इथे वडिलांना करमावे म्हणून मी काय करावे, हे मात्र मला कधीच सुचले नाही. आता वडील नाहीत. माड तिसऱ्या मजल्याच्या वर गेला आहे. मी त्याला नेमाने पाणी घालते. मीठ घालताना मात्र त्याला मिळालेली ती मांडीवरची जागा आठवते आणि अजूनही माझा हात आखडतो.